डाव्या चाकाचा नारळ

भरमाण्णा मिस्त्रीचा मला राग यायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याच्याबद्दल बरं बोलायला लागलो की, माणूस गेल्यावर सगळेच गोड बोलतात, असं कुणी म्हणायला नको. बेळगाव-निपाणी लाइनीवर मी सर्विस मोटार चालवायचो आणि ती मोटार चालती ठेवायचं काम त्याचं. सकाळी टपावर बोचकी चढलेली असायची, निपाणीचे तंबाखूवाले व्यापारी खिशातलं घड्याळ काढून माझ्याकडं बघत असायचे, आणि हा गृहस्थ गाडीखाली उताणा पडून एका बोल्टाला रॉकेल पाजत असायचा.

"मिस्त्री, आटपा की!" मी ओरडायचो.

गाडीखालून एकच शब्द यायचा, "निधान."

निधान म्हणजे कानडीत सावकाश. माणूस मूळचा उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला, राहायला अनगोळात, घरी चोवीस तास मराठी. पण घाई करणाऱ्याला उत्तर मात्र कानडीतच द्यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मराठीत सांगितलं की माणूस वाद घालतंय. कानडीत सांगितलं की गप बसतंय." मी गप बसलो.

अंगानं बुटका, मान आखूड, डोक्याला एकेकाळी पांढरा असलेला पटका. हात मनगटापर्यंत काळे, आणि अंगाला कायम रॉकेलचा वास. जेवायच्या आधी राख आणि लिंबाची साल घेऊन हात घासत बसायचा, तेही सावकाश. माझी भाकरी संपून मी पान लावायला घ्यायचो तेव्हा ह्याचा पहिला घास. बायको लवकर गेलेली. एकच मुलगी, शेवंता. तिला त्यानंच वाढवली, वेणी घालण्यापासून. एवढ्या जाड बोटांनी वेणी कशी घालत होता देव जाणे. पण अनगोळातल्या बायका सांगायच्या, भरमाण्णानं घातलेली वेणी दोन दिवस सुटायची नाही.

जाम झालेल्या बोल्टाला तो 'जावईबापू' म्हणायचा. "आज जावईबापू रुसल्यात," असं गाडीखालून ऐकू आलं की मी समजायचो, आज गाडी उशिरा सुटणार. पुढच्या चाकांजवळ, स्प्रिंगांच्या टोकांना, चाकं जोडणाऱ्या दांड्याला असे बोल्ट असतात की त्यांच्या नशिबी सदा धूळ, चिखल आणि शेण. गंज धरला की बोल्टावरचा पेचदार आटा आणि नट एकजीव. दुसरा मिस्त्री असता तर लांब पाना लावून लोंबकळला असता, नाहीतर घण घातला असता. भरमाण्णा आधी तारेच्या ब्रशानं घासायचा. मग रॉकेलात भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवायचा. मग छोट्या हातोडीनं चहूबाजूंनी टकटक, टकटक. आणि पाना लावल्यावर बोल्ट सोडायचा नाही, आधी आवळायचा!

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं.

"अवो, सोडायचाय न्हवं? आवळताय कशापायी?"

"आधी केसभर आवळायचा. मग सोडायचा. त्याला वाटाय पायजे, आपल्याच मनासारकं चाललंय."

"आणि न्हाय सुटला तर?"

"मग उद्या. जावयाला मारतात व्हय रं?"

सगळ्यात जास्त जीव त्याचा पुढच्या चाकांच्या रोखावर. पुढची दोन्ही चाकं एका आडव्या दांड्यानं जोडलेली असतात. तो दांडा टोकाशी फिरवून लांब-आखूड केला की चाकांची तोंडं आत-बाहेर होतात. ती पुढून नखभर जवळ पाहिजेत, नाहीतर टायर रस्त्यावर फरपटतं आणि कानशीनं घासल्यासारखं कडेनं झिजतं. भरमाण्णाकडं याच्यासाठी एक वेळूची काठी होती. ती चाकांच्या मध्ये पुढून धरायची, खूण करायची, मग मागून धरायची. काठीला तो कुणाला हात लावू देत नव्हता. एकदा क्लिनरनं त्या काठीनं कुत्रं हाकललं तर भरमाण्णा त्याच्याशी पुढचा बाजार येईपर्यंत बोलला नाही.

काम झालं की माझ्या शेजारी येऊन बसायचा. काकती मागं पडली की सरळ रस्ता लागतो. तिथं आलो की म्हणायचा, "मारत्या, हात सोड."

"कशाला?"

"स्टेरिंगवरचा हात सोड. गाडी कुठं वढती बघू दे."

"मी सोडणार न्हाय. मागं माणसं बसल्यात. कुणाच्या मातीला लावता मला?"

मी दोन बोटं नुसती टेकवून धरायचो. त्या दोन बोटांकडं तो बघत राहायचा आणि शेवटी पुटपुटायचा, "अजून भरवसा न्हाय." बरोबरच होतं. नव्हता मला भरवसा. आणि का नव्हता ते त्यालाही ठाऊक होतं, कारण तवंदीच्या घाटात ती गाडी मीच चालवत होतो.

ते लढाईच्या आधीचं. शेवंताचं लग्न निपाणीत झालेलं. पहिल्या माहेरपणाला येऊन ती परत सासरी निघाली होती, ओटीत खण-नारळ घेऊन. भरमाण्णानं तिला माझ्या गाडीत पुढच्या बाकावर बसवलं आणि मला म्हणाला, "सांभाळून ने." घाट उतरताना एका वळणावर स्टेरिंग एकदम पोकळ झालं. मी उजवीकडं वळवतोय आणि डावं चाक आपलं आपण डावीकडं निघालंय. खाली दरी. बायका किंचाळल्या. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी फरपटत कडेला गेली, डावं चाक कठड्याच्या दगडावर आदळलं आणि तिथंच अडलं. दगड हलला, पण पडला नाही. कुणाला खरचटलं, कुणाला टेंगूळ आलं, एवढंच. शेवंता ओटीतला नारळ छातीशी घट्ट धरून बसली होती. तिला खाली उतरवायला दोन बायका लागल्या.

दांड्याचं डावं टोक निसटलं होतं. तिथला बोल्ट तुटला होता. दुपारनंतर भरमाण्णा एका लॉरीतून आला. मला वाटलं, धावत पोरीकडं जाईल. पण हा बाबा पहिला वाकला तो चाकाखाली! तुटका बोल्ट हुडकून काढला, मुठीत धरला आणि तिथंच बसून राहिला. मला असा संताप आला म्हणता! "मिस्त्री, पोरगी आधी का गाडी आधी?" मी सगळ्यांदेखत बोललो. तो उठला, शेवंताजवळ गेला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

पण तेव्हापासून दर अमावास्येला एक नारळ सुरू झाला. गाड्यांसमोर नारळ सगळेच फोडतात. याचा प्रकार वेगळा. दगडावर नारळ फोडायचा आणि पाणी धारेनं डाव्या चाकाच्या आत, जिथं दांडा निसटला होता नेमका तिथं, हात घालून सोडायचं. वर हळदकुंकू, खोबऱ्याचा तुकडा. शेवंताच्या नावानं नवस बोललेला. "त्या चाकानं माझी पोर राखली," म्हणायचा. मी चेष्टा करायचो, "मिस्त्री, गाडीत मी बी हुतो म्हटलं! माझ्या नावचा अर्धा तरी फोडा की." तो हसायचा नाही. नारळाच्या गोष्टीत त्याला चेष्टा चालायची नाही.

आणि तो संथपणाही त्या घाटानंतरचाच, पण का, ते मला फार उशिरा कळलं.

लढाई लागली. पेट्रोल रेशनवर गेलं. गाडीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसली आणि गाडी त्या धुरावर धापा टाकत चालायला लागली. ते एकवेळ चाललं असतं. पण टायर मिळेनात. गाडीच्या मालकांनी कुठून कुठून खटपट करून पुढच्या चाकांना एक जोडी मिळवली आणि आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "ही शेवटची. ही गेली की गाडी ठोकळ्यांवर चढवणार. मग तू तुझ्या घरी, भरमाण्णा त्याच्या घरी. मला दोष देऊ नका."

माझं जाऊ द्या, मला कुणीही लॉरीवर ठेवलं असतं. भरमाण्णाला या वयात कोण ठेवणार? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही गाडी होती म्हणून तो महिन्यातून एकदा-दोनदा निपाणीला जाऊन लेकीला बघून येत होता. तिला तेव्हा दिवस गेले होते. आधीची दोन पोरं हाताला लागली नव्हती. हा रोज मला विचारायचा, "स्टँडवर दिसली काय रं शेवंता? तोंड कसं हुतं?" मी म्हणायचो, "तोंडासारकंच हुतं." पण पुढच्या फेरीला मुद्दाम तिच्या गल्लीवरून चक्कर मारून यायचो. ते त्याला सांगायचो नाही.

थोड्याच दिवसांत नव्या जोडीतलं डावं टायर कडेनं झिजायला लागलं. काठी लावली तर चाकांचा रोख गेलेला. दांडा फिरवायला पाहिजे. उजव्या टोकाचा बोल्ट निमूट सुटला. डाव्याचा हलेचना. रॉकेल पाजलं, चिंध्या बांधल्या, टकटक केली, आधी आवळून बघितला. छे! मी फेरी मारून आलो की हा पुन्हा गाडीखाली. इकडं टायर रोज झिजतंय. शेवटी मालक स्वतः घण घेऊन आले.

"भरमाण्णा, सर बाजूला. एक घाव घालतो, सुटतोय का न्हाय बघू."

मी त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "मालक, घण खाली ठेवा! तुटला तर दांडा गेला. दुसरा दांडा कुठनं आणणार? आणि न तुटता चिरला तर?"

"चिरला तर काय?"

"तर घाटात तुटंल."

मालक घण टाकून तणतणत निघून गेले. मी वाकून गाडीखाली बघितलं. भरमाण्णा उताणा पडून त्या बोल्टाकडं बघत होता आणि डोळ्यांतनं पाणी कानाकडं चाललं होतं. मी चरकलो. मीही आत सरकलो, त्याच्या शेजारी उताणा.

"काय झालं, मिस्त्री?"

"मारत्या, घाटाच्या दिवशी सकाळी हितलाच बोल्ट जाम हुता. शेवंता गाडीत बसाय आलती, तू हॉर्न वाजवाय लागलतास. मी घाई केलो. घण घातलो. सुटला, म्हणून पुन्ना त्योच बसवलो. आत चिरला हुता त्यो, मला दिसला न्हाय. माझ्या हातानं पोरीला घाटात पाठवलो मी."

इतकी वर्षं हे पोटात घेऊन हा माणूस मला 'निधान, निधान' म्हणत होता. आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. मग नेहमीसारखा खेकसलो, "बरं, झालं ते झालं. आता ह्यो का सुटंना ते बघा. उजवा सुटतोय आणि डावाच का धरतोय?"

त्यानं डोळे पुसले. खिळ्याच्या टोकानं आट्यातला गंज खरवडला. हातावर घेऊन बघितला, वास घेतला. गंजात लालसर चिकट काहीतरी होतं. पुन्हा खरवडला तर नखाएवढा कुजका पांढरा कपचा निघाला. खोबरं.

दोघंही ते खोबरं बघत पडून राहिलो. दर अमावास्येचं नारळाचं पाणी, हळद, कुंकू, सगळं बरोबर त्या आट्यात मुरत होतं. गंज दुसऱ्या कुणी आणला नव्हता. ह्या माणसानं मनोभावे, हात घालून, धारेनं ओतला होता!

मला हसू फुटलं असतं, पण त्याचं तोंड बघून जागच्या जागी जिरलं.

आधी बोल्ट. कोळशाच्या भट्टीतले निखारे त्यानं लोखंडी पळीत घेतले आणि नटाखाली धरून बसला. मी फुंकर घालत होतो. नट चांगला तापल्यावर आट्यावर मेणाचा तुकडा टेकवला. मेण वितळून आत ओढलं गेलं. "जा, जावईबापू, खाऊन घ्या," तो पुटपुटला. पाना लावला. केसभर आवळला. आतून बारीक कर्र आवाज आला. मग उलटा फिरवला, आणि पाना हलला. मी गाडीखालीच त्याला मिठी मारली. दोघांची डोकी दांड्यावर आपटली.

रोख बसवला, काठी लावली, टायर वाचलं. मग हात घासून भरमाण्णा आपल्या पायानं मालकांकडं गेला. "मालक, बोल्ट मीच जाम केलो हुतो. नारळाच्या पाण्यानं." मालक आधी चिडले, मग त्यांना हसू आलं, मग तेही गंभीर झाले, कारण देवाला तेही भ्यायचे.

"मग आता नारळ बंद कर."

"कसा करू? पोरीचं नाव घेतलंय. तिला दिवस गेल्यात."

"उजव्या चाकावर फोड."

"मग उजवा धरंल."

"मागच्या चाकावर घाला," मी म्हणालो. "तिथं दांडा न्हाय, काय न्हाय."

भरमाण्णानं माझ्याकडं असं बघितलं की मी वेडाच. "घाटात मागच्या चाकानं राखलं व्हय रं?"

अमावास्या जवळ येईल तसा तो वाळायला लागला. पाणी ओतलं तर गाडी ठोकळ्यांवर, नाही ओतलं तर लेकीचं काय होईल? देवळात जाऊन कौल लावा म्हटलं तर नको म्हणायचा. "देवाला कशाला? नवस शेवंताच्या नावचा हाय, तिलाच इचारतो." अमावास्येच्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून, मांडीवर नारळ घेऊन माझ्या शेजारी बसला. सरळ रस्ता आला तरी 'हात सोड' म्हणाला नाही. घाटात डोळे मिटून घेतले.

निपाणीच्या स्टँडवर शेवंता आली होती. पोट चांगलंच दिसत होतं. बापानं तिथंच, उतारूंच्या गर्दीत, सगळं सांगितलं. घणाचंसुद्धा. ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता रडणार. पण बापावर गेलेलं माणूस रडतंय कुठलं!

"आप्पा," ती म्हणाली, "नवस माझ्या नावचा, आन् पाणी त्या लोखंडाला पाजतायसा? मला पाजा की!"

शेजारच्या चहावाल्याकडून तिनं फुलपात्र मागून आणलं आणि बापासमोर धरलं. भरमाण्णानं वाकून डाव्या चाकाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि दगडावर नारळ फोडून पाणी फुलपात्रात धरलं. शेवंतानं घटाघटा पिऊन टाकलं आणि पदरानं तोंड पुसलं. "गोड हाय," म्हणाली. त्याचे खांदे असे खाली आले, जसा कुणी टपावरचा बोजा उतरवून घ्यावा.

तिला पुढं मुलगा झाला, धडधाकट. नारळानं झाला का कशानं, मला विचारू नका. दर अमावास्येला मात्र भरमाण्णा माझ्या गाडीतून नारळ घेऊन निपाणीला जायचा आणि लेकीला पाणी पाजून परत यायचा. टायरांची ती जोडी लढाई संपेपर्यंत पुरली. गाडी ठोकळ्यांवर चढली नाही.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. छातीत पाणी झालं होतं. अमावास्या आली आणि निपाणीच्या स्टँडवर बघतो तर शेवंता उभी, पोरगा कडेवर, हातात नारळ. "दादा, मला अनगोळाला न्या," म्हणाली. पुढच्या बाकावर बसली, त्याच जागेवर. घाट चढून आलो, संकेश्वर मागं टाकलं, हत्तरगी मागं टाकली. काकतीच्या अलीकडचा सरळ रस्ता आला. मी एकदा मागं बघितलं. पोरगा झोपला होता. आणि मी स्टेरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. बोटंसुद्धा टेकवली नाहीत. गाडी रस्त्याच्या मधोमध, जशी होती तशी चालत राहिली.

अनगोळात भरमाण्णा घोंगडीवर पडून होता. हात धुऊन धुऊन पांढरे केलेले, पहिल्यांदाच बघितले मी तसे. शेवंतानं उंबऱ्याजवळ नारळ फोडला, पाणी फुलपात्रात घेतलं आणि चमच्यानं त्याला पाजायला लागली. आज तिनं त्याला. दोन-तीन चमचे गेल्यावर त्यानं हात वर केला. मला जवळ बोलावलं.

"गाडी वढती काय रं?"

"न्हाय. सरळ चालती."

"हात सोडलास?"

"सोडलो, मिस्त्री. शेवंताक्का गाडीत हुती, तरी सोडलो."

तो माझ्याकडं बघत राहिला. ओठ हलले, पण निधान म्हणाला की काय, ऐकू आलं नाही. मग शेवंताकडं मान वळवून तो म्हणाला, "उरल्यालं त्याला दे. घाटात त्या दिवशी त्यो बी हुता की."

तिनं फुलपात्र माझ्यापुढं धरलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्याच्या समोर बसून, सावकाश, सगळं पाणी प्यालो.